फ्रीहोल्डच्या जुन्या लोकांना भेटायला निघालीस म्हणून

अगं पोरी,

न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्डच्या, म्हणजे हार्नेस रेसिंगच्या (घोड्याला गाडी जुंपून होणाऱ्या शर्यतींच्या) ट्रॅकवरच्या जुन्या ड्रायव्हर आणि मोतद्दार लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं तू मनावर घेतलंस हे वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. २८ डिसेंबर २०२४ ला ट्रॅक बंद झाला आणि माणसं तेव्हापासून पांगायला लागलीत, तेव्हा उन्हाळ्याची वाट बघू नकोस, लगेच लाग कामाला.

एक सांगतो. "किती रेस जिंकलात" इथून सुरुवात करू नकोस, ते आकडे कागदावर आहेतच. घोड्याबद्दल विचार. लगामाला जड होता की हलका, गर्दीत घाबरायचा का, शेवटच्या वळणावर काय करायचा. ड्रायव्हर घोड्याच्या पाठीवर नसतो गं, तो मागे सल्कीवर, दोन चाकांच्या त्या एवढ्याशा गाडीवर पाय पुढे ताणून बसलेला, शेपूट जवळपास मांडीत, आणि घोड्याच्या मनातलं त्याला कळतं ते फक्त हातातल्या लगामातून. म्हणून या लोकांना नाव आधी घोड्याचंच आठवतं, साल नंतर.

जायच्या आधी चाली ओळखायला शीक. ट्रॉटर म्हणजे दुडकीवाला, पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम उचलतो. पेसर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, सारंगखेड्याच्या बाजारात रेवाल चालीचा घोडा बघितला असशील तर तू या चालीच्या बरीच जवळ आहेस. पेसरच्या पायांत बहुतेक वेळा हॉपल्स असतात, पट्ट्यांचे फास, चाल मोडू नये म्हणून. आणि घोडा चौखूर उधळला की ड्रायव्हरला त्याला ओढून परत चालीवर आणावं लागतं, तेवढ्यात बाकीचे निघून गेलेले असतात. अशी हातची गेलेली रेस प्रत्येकाकडे असते, ती ऐक, ती ते रंगवून सांगतात.

कपड्यांचे रंग पण विचार. पुण्याला किंवा महालक्ष्मीला जॉकी मालकाचे रंग घालतो, इथे ड्रायव्हरचे रंग त्याचे स्वतःचे, घोडा कुणाचाही असो. स्टॅन्ली डान्सर या नावाजलेल्या ड्रायव्हरचे निळे आणि सोनेरी. न्यू जर्सीचाच माणूस. १९६८ मध्ये याच फ्रीहोल्डवर त्याने कार्डिगन बे नावाचा घोडा जिंकवला आणि तो दहा लाख डॉलर कमावणारा पहिला स्टँडर्डब्रेड (या शर्यतींच्या घोड्यांची जात) ठरला. न्यूझीलंडचा घोडा, वय बारा, कधीकाळी पुठ्ठ्याला एवढी इजा झालेली की कुणी आशा धरली नसती. मी अमेरिकेत आलो त्याच्या बऱ्याच नंतर, तरी ट्रॅकवरचे म्हातारे त्याचं नाव काल बघितल्यासारखं घ्यायचे.

वेळा लिहून घेशील तेव्हा गाडी कुठली होती ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. १८९१ ला सुनोल ही घोडी उंच चाकांच्या सल्कीला जुंपून मैल २:०८¼ मध्ये धावली, पुढच्याच वर्षी हवेच्या टायरची सायकलची चाकं आली आणि नॅन्सी हँक्स ही घोडी २:०४ वर. पुन्हा १९७६ च्या सुमाराला नव्या घडणीची सल्की आली आणि वेळा धडाधड उतरल्या. तेव्हा साठ सालचा घोडा आजच्यापेक्षा हळू होता असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही, तुलाही पटू नये. आणि ट्रॅक केवढा होता तेही लिही, फ्रीहोल्ड अर्ध्या मैलाचा, म्हणजे मैलाला दोन फेऱ्या आणि चार वळणं.

मला स्वतःला सगळ्यात आठवतं ते पावसातलं. रेस संपवून ड्रायव्हर परत यायचे तेव्हा तोंड चिखलाने काळंठिक्कर, गॉगल काढला की डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल, आणि मोतद्दार कुणाशी न बोलता आधी हॉपल्स सोडायचा, मग घोड्याच्या अंगावर गरम पाणी, नुसती वाफ. त्या मोतद्दारांकडे जा आधी. ड्रायव्हर रेसपुरता दोनेक मिनिटं घोड्याबरोबर, हे दिवसभर.

न्यू यॉर्क राज्यातल्या गोशेनला हार्नेस रेसिंगचं म्युझियम आहे, मागे १८३८ पासूनचा हिस्टॉरिक ट्रॅक. सकाळी जा. जुने फोटो बघून ठेव आणि भेटायला जाताना दोनचार छापून ने, मोठे छाप, या लोकांना मोबाईलवर नीट दिसत नाही.

तुझा,
काका