मुसोर्ग्स्कीला ऑर्केस्ट्रेशन येत नव्हतं म्हणून रिम्स्की-कोर्साकोव्हने त्याच्या रचना दुरुस्त केल्या, हे खरं का? आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?

दोघेही एकोणिसाव्या शतकातले रशियन संगीतकार; ऑर्केस्ट्रेशन म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते ठरवणं. रिम्स्कीने हात फिरवला हे खरं. ‘दुरुस्त केल्या’ हे साफ चूक, आणि जाणकार म्हणवणारेच हे वाक्य फेकतात तेव्हा डोकं फिरतं.

मुसोर्ग्स्कीच्या ‘बोरिस गोदुनोव्ह’ या ऑपेरातला राज्याभिषेक घ्या. क्रेमलिनच्या घंटांसाठी मुसोर्ग्स्की दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगट) वापरतो: ए फ्लॅटवरचा सेव्हन्थ (चार स्वरांचा, अस्थिर वाटणारा कॉर्ड) आणि डीवरचा सेव्हन्थ. पुस्तकी नियमाने सेव्हन्थ कॉर्ड पुढे जाऊन कुठेतरी विसावला पाहिजे. इथे तो विसावतच नाही, या दोहोंमध्येच झुलत राहतो. पण सी आणि एफ शार्प (म्हणजेच जी फ्लॅट) हे स्वर दोन्हींत सामाईक आहेत, आणि खाली खर्जात सी धरून ठेवलाय. त्यामुळे कान बिचकत नाही. प्रचंड घंटेचा घणघणाट तेवढा उरतो. ज्याला काही येत नाही त्याला हे सुचेल?

आता ‘दुरुस्ती’चा नमुना. ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ 1874 सालचं, मूळ पियानोसाठी. छापलं गेलं 1886 मध्ये, मुसोर्ग्स्की जाऊन पाच वर्षं झाल्यावर, रिम्स्कीच्या हाताखालून. त्यातल्या ‘बिद्वो’ या बैलगाडीच्या तुकड्याला हस्तलिखितात पहिल्याच मात्रेपासून फोर्टिसिमो, म्हणजे खूप मोठ्या आवाजात, आहे: गाडी थेट अंगावर येते. रिम्स्कीने सुरुवात ‘पियानो’ (इथे अर्थ: हळू आवाजात, खूण ‘पी’) केली आणि आवाज हळूहळू चढवत नेला, म्हणजे गाडी लांबून येणार. फ्रेंच संगीतकार राव्हेलने 1922 मध्ये ऑर्केस्ट्रेशन केलं ते याच छापील प्रतीवरून, त्यामुळे जगभर लांबून येणारी गाडीच रूढ झाली. राव्हेलने चित्रांमधला एक चालण्याचा तुकडा, म्हणजे पाचवा ‘प्रॉमनाड’, गाळलाही. तो रिम्स्कीच्या माथी मारू नका.

‘नाइट ऑन बाल्ड माउंटन’ या ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचंही तेच. मूळ 1867 चं. मुसोर्ग्स्कीचा मार्गदर्शक संगीतकार बालाकिरेव्हने नाक मुरडलं, मुसोर्ग्स्की बदल करायला तयार झाला नाही आणि ते तसंच पडून राहिलं. मैफलीत वाजतं ते रिम्स्कीचं 1886 चं. त्याच्या शेवटची शांत पहाट आणि घंटा 1867 च्या रचनेत नाहीत. त्या मुसोर्ग्स्कीनेच पुढे ‘सोरोचिन्त्सीची जत्रा’ या ऑपेरासाठी केलेल्या गायनवृंदाच्या आवृत्तीतल्या आहेत.

रिम्स्की खलनायक होता असंही नाही. 1871-72 च्या सुमारास दोघे एकाच खोलीत राहत. पियानो एकच: दुपारी बारापर्यंत मुसोर्ग्स्की वाजवणार, तोवर रिम्स्की नकला आणि ऑर्केस्ट्रेशन उरकणार; बाराला मुसोर्ग्स्की सरकारी नोकरीवर गेला की पियानो रिम्स्कीचा. मुसोर्ग्स्कीच्या ‘खोवान्श्चिना’चं ऑर्केस्ट्रेशन जवळपास सगळंच राहून गेलं होतं, ते त्याने पुरं केलं नसतं तर ऑपेरा इतक्या लवकर रंगमंचावर आलाच नसता. 1908 मध्ये पॅरिसमध्ये गायक शाल्यापिनने गाजवला तो बोरिसही रिम्स्कीच्याच आवृत्तीतला. आणि हो, मूळ बोरिसचा ऑर्केस्ट्रा काही ठिकाणी खरंच विरळ वाटतो. मोठ्या सभागृहात गायकांची दमछाक होऊ नये म्हणून तो विरळपणा उपयोगीही पडतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

सुरुवात ‘पिक्चर्स’ पियानोवर ऐकून करा, राव्हेल नंतर. वाजवणार असाल तर प्रत घेण्याआधी ‘बिद्वो’चं पान उघडा, पहिल्या मात्रेखाली नुसता ‘पी’ दिसला तर दुसरी प्रत मागा. बोरिसची रेकॉर्डिंग घेताना 1869 ची आवृत्ती की 1872 ची ते आधी बघा. 1869 ची सात प्रसंगांची आवृत्ती 1871 मध्ये नाकारली गेली, मोठी स्त्रीभूमिका नाही हे एक कारण. मग पोलंडचा अंक आणि मारिना ही स्त्रीभूमिका आली, क्रोमीच्या जंगलाचा प्रसंगही. 1872 च्या आवृत्तीत शेवट क्रोमीत आहे, वेडसर साधूच्या विलापावर. क्रोमी आधी आणि बोरिसचा मृत्यू शेवटी असेल तर ती अदलाबदल रिम्स्कीची.