दिलेल्या पैशातला पोचतो किती?

प्रिय,

सामाजिक संस्थांना अनुदान देणाऱ्या फाउंडेशनमध्ये रुजू झालीस आणि पहिल्याच फेरीत प्रस्तावांचा गठ्ठा तुझ्याकडे आला, हे चांगलं झालं. कुणाला निवडायचं ते कसं ठरवू, असं तू विचारलं आहेस. त्यावर बोलूच, पण आधी एक दुसरा हिशेब मांडतो, कारण तो तुला प्रशिक्षणात कुणी दाखवणार नाही.

समज, एका छोट्या संस्थेला तुम्ही शंभर दिलेत. अर्ज लिहिण्यात तिच्या समन्वयकाचे आठवडे गेले. मग तुमच्याकडून ‘थोडं आणखी स्पष्टीकरण’ मागणारा मेल गेला. भेट ठरली, त्या दिवशी तिचं रोजचं काम बंद राहिलं. मंजुरीनंतर तिमाही अहवाल, लाभार्थ्यांच्या याद्या, फोटो, वेगळं खातं, वेगळा ऑडिट. हे सगळं पगारी माणसांनीच केलं, आणि तो पगार तुमच्या बजेटच्या तक्त्यात कुठेच बसत नाही. शंभरातून तो वजा कर, मग खरा आकडा दिसतो. मोठ्या रकमेत हा फरक खपून जातो. छोट्या अनुदानात तो हाडापर्यंत लागतो. शिवाय ही झाली ज्यांना पैसे मिळाले त्यांची गोष्ट. ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी घातलेला वेळ कुणाच्या नावावर लिहायचा? मी तो देणाऱ्याच्या नावावर लिहितो. तसा लिहिला तर काही फेऱ्यांमध्ये फाउंडेशनने वाटलेल्या पैशाहून जास्त मागणाऱ्यांनी गमावलेलं निघतं.

अमेरिकेतल्या मोठ्या दात्या मॅकेन्झी स्कॉट यांचं उदाहरण बघ. २०२० पासून त्यांनी मोठ्या रकमा दिल्या, बहुतेक वेळा संस्थेने अर्जही केलेला नसताना आणि पैसे कशावर खर्च करायचे ही अट न घालता. २०२३ मध्ये मात्र त्यांनी स्थानिक पातळीवर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थांकडून खुले अर्ज मागवले. ६,३५३ अर्ज आले. आधी २५० संस्थांना द्यायचं ठरलं होतं, शेवटी मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर दिले गेले. पहिल्या फेरीत अर्जदारांनीच एकमेकांचे अर्ज तपासले होते, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. तरीही जवळपास सहा हजार संस्था रिकाम्या हाताने परतल्या. इतक्या उदार दात्याकडे ही स्थिती, तर आपल्यासारख्यांनी किती जपून अर्ज मागवायला हवेत!

म्हणून तुमचा अर्जाचा नमुना काढ आणि पेन्सिल घेऊन बस. प्रत्येक प्रश्नाला विचार: याचं उत्तर वेगळं आलं तर आमचा निर्णय बदलेल का? बदलणार नसेल तर प्रश्न काट. ‘तुमच्या प्रकल्पातलं नावीन्य काय?’ हा प्रश्न तर आधी काट. पंधरा वर्षं तेच काम नेटाने करणारी संस्था या रकान्यासाठी काहीतरी नवं शोधून काढते, मग ते निभवावं लागतं आणि जुनं चांगलं चाललेलं मागे पडतं. संस्थेने दुसऱ्या दात्यासाठी लिहिलेला प्रस्ताव हाताशी असेल तर तोच मागून घे. वाचायला तुला जरा जास्त वेळ लागेल. लागू दे, तुला त्याचाच पगार आहे.

आणि नकार द्यायचाच असेल तर लवकर दे. मनात ‘नाही’ ठरलेलं असतं, पण समोरच्याला वाईट वाटेल म्हणून ‘पुढच्या बैठकीत बघू’ म्हणायची सवय या क्षेत्रात सगळ्यांना लागते. त्या ‘बघू’वर संस्था वर्षभराचं नियोजन टांगून ठेवते, शिक्षिकेला थांबायला सांगते, दुसरीकडे मागायचं राहून जातं. दोन ओळींचा स्पष्ट नकार, खरं कारण लिहून, पहिल्या पंधरवड्यात गेला तर तेवढीच तुझी मदत. कारण खरंच लिही. ‘यंदा अर्ज फार होते’ हे कारण नव्हे.

आता प्रशासकीय खर्चाबद्दल. इथे तुझे वरिष्ठ तुझ्याशी वाद घालतील आणि तूही तो घालावास असं मला वाटतं. अनुदान मंजूर करणाऱ्या समितीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पैसा थेट लोकांपर्यंत गेला पाहिजे.’ ऐकायला छान आहे. पण लोकांपर्यंत तो हिशेबनीसामार्फत जातो, भाड्याच्या खोलीतून जातो, विजेचं बिल भरलेलं असेल तर जातो. हे द्यायचं नाही म्हटलं की संस्था ते लपवायला शिकते. एकच हिशेबनीस तीन दात्यांच्या तीन प्रकल्पांत ‘क्षेत्र समन्वयक’ म्हणून थोडा थोडा दाखवला जातो. त्या माणसाकडे तीन रजिस्टरं असतात. महिनाअखेरीला तो स्वतःलाच तिन्हींत वाटून लिहितो, बेरीज शंभर टक्क्यांवर जाऊ नये म्हणून आधी पेन्सिलने, मग शाईने. याला मी लबाडी म्हणत नाही. खोटं लिहायला त्याला देणाऱ्यांनीच भाग पाडलेलं असतं.

यात एक गंमत आहे. अमेरिकेत १९६९ च्या कायद्याने खासगी फाउंडेशनांवर दरवर्षी ठरावीक रक्कम वाटण्याची सक्ती आली. आज ते प्रमाण मालमत्तेच्या साधारण ५ टक्के आहे. त्या ५ टक्क्यांत फाउंडेशनचा स्वतःचा वाजवी प्रशासकीय खर्चही धरता येतो. म्हणजे देणाऱ्याचं ऑफिस ‘दान’ म्हणून मोजलं जातं आणि घेणाऱ्याचं ऑफिस उधळपट्टी म्हणून. हे काहींना उमगलं. फोर्ड फाउंडेशनने २०१५ मध्ये प्रकल्प अनुदानातला घेणाऱ्या संस्थेच्या प्रशासकीय खर्चाचा वाटा १० वरून २० टक्के करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२२ मध्ये तो किमान २५ टक्क्यांवर नेला. उलट दिशेचे निर्णयही झाले. भारतात परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि त्या पैशातून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने परदेशी निधी घेऊन पुढे छोट्या संस्थांना देण्याची वाटही त्याच दुरुस्तीने बंद केली. जिथे कायदा हात बांधतो तिथे इलाज नाही, पण बऱ्याचदा आपण स्वतःच बांधून घेतो आणि नाव कायद्याचं सांगतो. समितीत कुणी ‘नियमात बसत नाही’ म्हणालं तर नम्रपणे कलम विचार.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. मी प्रस्ताव शेवटी वाचतो. आधी तीन वर्षांचे ताळेबंद. नवा पैसा आलाच नाही तर संस्था किती महिने तग धरेल, ते त्यात दिसतं. एकाच दात्यावर सगळा डोलारा असेल तर तेही दिसतं. मग स्थानिक लोकांकडून काही येतं का ते बघतो. रक्कम किरकोळ असली तरी चालेल, पण ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांच्यापैकी कुणीच कधी काही दिलेलं नसेल, वेळसुद्धा नाही, तर मी सावध होतो. आणि भेटीत एक प्रश्न नक्की विचारतो: गेल्या दोन वर्षांत तुम्ही काय बंद केलंत? ‘काहीच नाही’ म्हणणारी संस्था एकतर फार नशीबवान असते किंवा कामाकडे नीट बघत नसते. ‘अमुक वर्ग बंद केला, मुली येईनात, वेळ चुकीची होती’ असं सांगणारी संस्था मला आवडते. सुंदर इंग्रजीतल्या प्रस्तावाला मात्र भुलू नकोस. तो बहुधा बाहेरच्या माणसाने लिहिलेला असतो.

भेटीला जाशील तेव्हा कार्यक्रम ठेवू नका, असं आधी कळव. तरी ठेवतील.

स्थानिक कामाचा निर्णय दूर बसून घेण्यातली अडचण जुनीच आहे. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने पहिलं कम्युनिटी फाउंडेशन उभारलं, त्यामागे हीच टोचणी होती. श्रीमंतांनी मृत्युपत्रात घातलेल्या अटी गरज संपल्यावरही तशाच राहत आणि पैसा अडकून पडे. गॉफने अनेकांच्या देणग्या एकत्र ठेवल्या आणि त्या कशावर खर्चायच्या हे त्या त्या काळातल्या शहरवासीयांच्या समितीवर सोपवलं. ही कल्पना पुढे जगभर गेली. तुमच्या समितीत त्या वस्तीत राहणारं कुणी नसेल तर निदान दोघांना मत विचारायला बोलाव आणि त्यांच्या वेळेचं मानधन दे. फुकट सल्ला मागायची आपल्याला फार खोड आहे.

राहिला मुदतीचा प्रश्न. एका वर्षाचं अनुदान म्हणजे संस्थेला आठ महिने काम आणि चार महिने पुढच्या पैशाची शोधाशोध. तीन वर्षांचं मागायला समितीपुढे कच खाऊ नकोस, रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल. आणि थांबायचं ठरलं तर वर्षभर आधी, लेखी सांग. तुमचं अनुदान संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा असेल तर शेवटच्या वर्षी हप्ता एकदम तोडण्याऐवजी उतरता ठेव. शिफारसपत्र तूच लिही आणि दुसऱ्या दात्याशी ओळख तूच करून दे.

दिव्यांग मुलांच्या केंद्राचा जो प्रस्ताव तू पाठवला आहेस, त्यात वाहनखर्च फारच कमी धरला आहे. त्यांनी तो मुद्दाम कमी दाखवला असणार, तुम्हाला जड वाटू नये म्हणून. समितीपुढे ठेवण्याआधी त्यांना फोन कर आणि खरा आकडा माग. तो वाढला म्हणून गुण कापले जाणार नाहीत, हे पहिल्याच वाक्यात सांग.

तुझा,
काका