वाचकांचे प्रश्न : गोल्फच्या ‘द ओपन’चा पट्टा, चांदीचा जग आणि वाळूचे खड्डे

प्रश्न : टीव्हीवर कधी ‘ब्रिटिश ओपन’ म्हणतात, कधी नुसतेच ‘द ओपन’. स्पर्धा एकच का? आणि ‘ओपन’ म्हणजे कोणाला खुली? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एकच. अमेरिकेची स्वतःची ‘यूएस ओपन’ आहे, म्हणून तिकडे हिच्या नावाआधी ‘ब्रिटिश’ लावायची सवय पडली. पण ही स्पर्धा तिच्याहून ३५ वर्षांनी थोरली, आणि आयोजक तिला ‘द ओपन चॅम्पियनशिप’ एवढेच म्हणतात.

सुरुवातीला ती खुली नव्हतीच. त्या काळातले सर्वांत नावाजलेले व्यावसायिक गोल्फर ॲलन रॉबर्टसन १८५९ मध्ये वारले. मग आता पहिला नंबर कोणाचा, हे ठरवायला स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक क्लबाने १७ ऑक्टोबर १८६० रोजी स्पर्धा ठेवली. आठ खेळाडू आले, सगळे व्यावसायिक. मैदान १२ होलचे (चेंडू ज्यात घालायचा ते भोक आणि तिथवरची वाट म्हणजे एक होल), त्यामुळे एका दिवसात तीन फेऱ्या मारून ३६ होल पूर्ण केले. गोल्फमध्ये कमी फटके लागणारा जिंकतो. विली पार्क यांना १७४ फटके लागले, ओल्ड टॉम मॉरिस यांना १७६, म्हणून पार्क जिंकले. हौशी खेळाडूंना दार उघडले ते १८६१ मध्ये, आणि ‘ओपन’ हे नाव खऱ्या अर्थाने तेव्हापासूनचे.

प्रश्न : विजेत्याला मिळणारा चांदीचा जग मूळचाच असतो का? आणि १८७१ मध्ये स्पर्धाच का झाली नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच माणसापाशी जाते. पहिले बक्षीस जग नव्हते. लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीच्या बकलाचा पट्टा होता. अट अशी की सलग तीनदा जिंकणाऱ्याने तो कायमचा घरी न्यावा. ओल्ड टॉम यांचा मुलगा यंग टॉम मॉरिस याने १८६८, १८६९ आणि १८७० अशी तीन वर्षे जिंकून तो नेला. १८७० मध्ये त्याने ३६ होल १४९ फटक्यांत संपवले. पहिला होल ५७८ यार्डांचा, तो त्याने तीन फटक्यांत घेतला. लाकडी दांड्याची काठी आणि गटापर्चाचा (झाडाच्या वाळलेल्या चिकाचा) टणक चेंडू घेऊन केलेला हा खेळ आजही थक्क करतो.

पट्टा गेला, नव्या बक्षिसाचा खर्च कोणी करायचा हे ठरले नाही, म्हणून १८७१ कोरडे गेले. पुढच्या वर्षी प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट आणि एडिंबरोचा ऑनरेबल कंपनी या तीन क्लबांनी प्रत्येकी दहा पौंड घातले आणि तीस पौंडांत चांदीचा क्लॅरेट जग करवून घेतला. क्लॅरेट म्हणजे तांबडी वाइन, ती वाढण्याच्या जगाचा हा आकार. १८७२ ची स्पर्धाही यंग टॉमनेच जिंकली. पण जग तेव्हा तयार नव्हता, त्यामुळे त्याला पदकावर भागवावे लागले. जग प्रत्यक्ष हातात घेणारा पहिला विजेता १८७३ चा टॉम किड. तरी जगावर कोरलेले पहिले नाव यंग टॉमचेच आहे, आणि ते योग्यच झाले.

मूळ जग १९२७ नंतर सेंट अँड्र्यूजमधल्या क्लबहाउसमध्ये ठेवला गेला. १९२८ पासून विजेत्याला मिळते ती प्रतिकृती. तीही वर्षभरच त्याच्याकडे राहते, मग परत करावी लागते.

प्रश्न : ही स्पर्धा कायम समुद्राकाठीच का? आणि तिथले बंकर (वाळूचे खड्डे) एवढे खोल, भिंतीसारखे का दिसतात? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा, उंचसखल, खुरट्या गवताचा पट्टा म्हणजे ‘लिंक्स’, आणि ही स्पर्धा अशाच मैदानांवर होते. शेतीला निरुपयोगी, पण पाऊस पडला की पाणी झटकन मुरते आणि जमीन कठीण राहते. चेंडू टप्पा पडून लांब घरंगळतो. झाडे जवळपास नसतातच, वारा अडायला काही नाही. त्यामुळे एकच होल सकाळी सोपा आणि दुपारी अवघड होऊ शकतो.

बंकरचे कारणही वाराच. उथळ खड्ड्यातली वाळू उडून जाते, म्हणून खड्डा लहान आणि खोल. मऊ वाळूची उभी कड ढासळते, म्हणून तिला गवताच्या पट्ट्यांचा आधार देतात. मातीसकट कापलेल्या पट्ट्या विटांसारख्या एकावर एक रचायच्या, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित मागे घ्यायचा आणि पाठीमागे वाळू ठासून भरायची. थर मागे घेतला नाही तर भिंत पुढे कलते. उन्हाकडे तोंड असलेली भिंत लवकर सुकून चिरते. काही वर्षांनी अशा भिंती पुन्हा बांधाव्याच लागतात.

खड्ड्याचा तळ कसा आहे यावरही खूप अवलंबून असते. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या रॉयल लिव्हरपूल मैदानावर पहिल्या दिवशी तळ सपाट ओढले होते. चेंडू घरंगळत जाऊन थेट भिंतीला टेकू लागले आणि अनेकांना आडवे, नाहीतर उलटे मारून बाहेर पडावे लागले. त्याच रात्री आयोजकांनी कडेची वाळू थोडी उंच ओढून घेतली, म्हणजे चेंडू मध्याकडे येईल. माझ्या मते हा निर्णय बरोबरच होता. खड्ड्यात पडल्याची शिक्षा हवीच, पण फटका मारायला जागाही हवी.

सेंट अँड्र्यूजच्या १७व्या होलच्या ‘रोड बंकर’ने १९७८ मध्ये जपानच्या नाकाजिमा यांना नऊ फटके खर्च करायला लावले. दुसऱ्याच फटक्यात ते होलभोवतीच्या हिरवळीवर होते, पण होलकडे हलकेच ढकललेला चेंडू उतारावरून खड्ड्यात गेला. त्याच मैदानावर २००० मध्ये टायगर वुड्स चारही फेऱ्यांत एकाही बंकरमध्ये गेले नाहीत आणि आठ फटक्यांनी जिंकले.

प्रश्न : भारतीयांची कामगिरी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : २०२३ मध्येच शुभंकर शर्मा संयुक्त आठवे आले. त्याआधी ज्योती रंधावा २००४ मध्ये संयुक्त २७वे होते. २०१५ ला सेंट अँड्र्यूजवर संयुक्त ३०वे आलेले अनिर्बन लाहिरी यांचा जन्म तुमच्या पुण्यातलाच.

प्रश्न : बरोबरी झाली तर काय? आणि स्कोअरकार्डाच्या चुकीने खरोखर बाद करतात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी बरोबरीचे. पूर्वी जादा ३६ होल खेळवत, १९६४ पासून १८. मग चार होलांची बेरीज आली, तिचा पहिला वापर १९८९ मध्ये झाला. २०१९ पासून तीन होल. १८७६ चा निकाल सगळ्यांत विचित्र. डेव्हिड स्ट्रॅथ आणि बॉब मार्टिन बरोबरीत होते, पण स्ट्रॅथ यांच्याविरुद्ध तक्रार होती. तिचा निकाल न लावताच त्यांना प्लेऑफ (बरोबरी फोडणारा जादा खेळ) खेळायला सांगितले. त्यांनी नकार दिला आणि मार्टिन विजेते ठरले. आधी तक्रार मिटवा, मग खेळवा, हे स्ट्रॅथ यांचे म्हणणे आजही पटते.

कार्डाचे म्हणाल तर हो, बाद करतात. २००३ मध्ये मार्क रो यांनी तिसऱ्या फेरीत ६७ फटके मारले. प्रत्येकाचे आकडे त्याचा जोडीदार लिहितो, पण ते आणि जोडीदार येस्पर पार्नेविक पहिल्या टीवर (सुरुवातीचा फटका मारायच्या जागी) कार्डांची अदलाबदल करायला विसरले होते. आकडे एकमेकांच्या नावाच्या कार्डावर गेले, सह्याही झाल्या आणि तेव्हाच्या नियमाने दोघेही बाद ठरले.

तुमच्या क्लबाच्या स्पर्धेतही हे सांभाळा. पहिल्या टीवर कार्ड बदला आणि वरचे नाव वाचा. प्रत्येक होल संपला की आकडा मोठ्याने सांगून लिहा. शेवटी बेरजेपेक्षा होलनिहाय आकडे तपासा, कारण बेरीज समितीची जबाबदारी असते आणि होलचा आकडा तुमची. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा लिहून सही केलीत तर तो जास्तीचाच धरला जातो. कमी लिहिलात तर बाद.