पर शाबूत असलेला मासा परत का सोडायचा?

प्रश्न : सिएटलजवळ इसाक्वाला मुलाकडे सहा महिने राहून आले. ऑक्टोबरात तिथल्या मत्स्यबीज केंद्रात हातभर लांबीचे सॅल्मन उड्या मारत पाण्याच्या पायऱ्या चढताना पाहिले. जानेवारीत मुलाच्या गळाला नदीत मोठा स्टीलहेड (सॅल्मनच्याच कुळातला मासा) लागला, पण पाठीवरचा छोटा पर शाबूत आहे म्हणून मित्राने तो सोडायला लावला. केंद्रात एवढी पिल्लं तयार होतात, मग एका माशाचं काय? आणि नदीतले मासे कमी झाले असतील, तर केंद्रात आणखी वाढवत का नाहीत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, मुलाने मासा सोडला हे वाचून फार बरं वाटलं. मी तीस वर्षं कटला-रोहूचं बीज तयार केलं आणि निवृत्तीनंतर लेकीकडे जाऊन तीन वर्षं ऑक्टोबर महिना इसाक्वाच्या त्याच केंद्राजवळच्या ओढ्याच्या काठावर काढला. त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. (आपल्या बाजारात रावसालाही ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण तो अगदी वेगळा मासा.)

आधी पराबद्दल. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे या माशांना एक लहानसा मांसल पर असतो. केंद्रातून सोडण्याआधी बोटुकलीचा, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाचा, तो पर कापतात. समुद्रातून मोठा होऊन मासा परतला की ओळख पटते. पर नसेल तर केंद्रातला; पर असेल तर बहुधा नदीतच जन्मलेला. सिएटललगतच्या प्युजेट साउंड या खाडीत येणारा चिनूक सॅल्मन 1999 पासून आणि स्टीलहेड 2007 पासून धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. त्यात चिनूक एकदा अंडी घालून मरतो, स्टीलहेडचं तसं नाही. काही माद्या समुद्रात परत जातात आणि पुन्हा येतात. मुलाच्या हातून सुटली ती मादी असेल, तर ती एकाहून जास्त वेळा अंडी घालू शकेल.

आता केंद्रात आणखी वाढवण्याबद्दल. केंद्रातल्या ट्रेमध्ये थंड, स्वच्छ पाणी असतं. तिथे गाळ नाही, पूर नाही, टपून बसलेला बगळा नाही. नदीत बहुतेक अंडी-पिल्लं समुद्र गाठण्याआधीच जातात, केंद्रात बहुतेक जगतात. गोम इथेच आहे. नदी जी निवड करते ती टाकीत होत नाही, तिथे वेगळीच निवड होते. वरून दाणा पडला की जे धीट पिल्लू झेपावतं ते टाकीत पोसलं जातं. नदीत असं पाण्याच्या वर आलेलं पिल्लू पक्षी उचलतो. शेजारच्या ऑरेगन राज्यातल्या हूड नदीच्या स्टीलहेडवर 2007 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बंदिस्त वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे निसर्गात वंश पुढे नेण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते, असं त्यात दिसलं. आणि पिल्लं पाहाल तर धष्टपुष्ट! डोळ्यांना काहीच कळत नाही.

हे मी स्वतः केलेलं आहे. उद्दिष्ट लाखांत असायचं आणि मोजणी व्हायची ती जिऱ्यांची, म्हणजे अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांची. म्हणून हाताशी असलेले तेच प्रजनक मासे आम्ही वर्षानुवर्षं वापरले. पुढे शेतकरी सांगू लागले, साहेब, मासा पूर्वीसारखा वाढत नाही. त्यांचं बरोबर होतं आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. तो मासा तळ्यातला होता, विकला गेला, संपला. नदीत सुटलेला मासा मात्र परत बोलावता येत नाही. लोणावळ्याला तयार झालेली निळ्या पराच्या महसीर या नदीतल्या मोठ्या माशाची बोटुकली चांगल्या हेतूने कावेरीत सोडली गेली. आज तिथे तोच जास्त दिसतो आणि कावेरीचा स्वतःचा नारिंगी पराचा महसीर नामशेष होण्याच्या काठावर आहे. त्याला धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणंही आहेतच.

म्हणून केंद्रं बंद करा, असं मी म्हणणार नाही. सिएटल ज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्यातल्या मूलनिवासी जमातींनी अमेरिकी सरकारशी केलेल्या करारांत आपला मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. 1974 च्या न्यायालयीन निकालाने पकडीतला निम्मा वाटा त्यांचा ठरला. नदीत मासाच नसेल तर त्या हक्काचं काय करायचं? तिथले मासे खाणारे किलर व्हेलही मुख्यतः चिनूकवरच जगतात. आणि आयडाहो राज्यातल्या रेडफिश तलावात 1992 साली एकच सॉकाय सॅल्मन परतला, एकटा नर. तो वंश आज आहे तो केंद्रात जपला म्हणूनच.

पण केंद्र चालवायचं ते नदीकडे बघून. अंडी काढताना दरवर्षी नदीत जन्मलेले काही मासे प्रजनकांत घ्यावेत, म्हणजे रक्त ताजं राहतं. पर कापलेले मासे अंडी घालण्याच्या जागी जितके कमी पोहोचतील तितकं चांगलं, म्हणून ते पकडून न्यायला मुभा असते. आणि काही नद्यांत केंद्रातलं एकही पिल्लू सोडू नये. मोंटाना राज्याने 1974 साली ट्राउटच्या (हाही सॅल्मनच्याच कुळातला मासा) बहुतेक नद्यांत बीज सोडणं थांबवलं, आणि आज त्या नद्या तिथेच जन्मलेल्या ट्राउटसाठी ओळखल्या जातात.

पुढच्या खेपेला ऑक्टोबरात गेलात, तर केंद्रातल्या टाक्यांपाशी थोडंच थांबा. मुलाला म्हणावं, ओढ्यावरच्या एखाद्या पुलावर घेऊन चल. सकाळच्या उन्हात खाली बघा. एखादी मादी आडवी होऊन शेपटीने गोटे उकरताना दिसेल, मागे दोन-तीन नर ताटकळत असतील. तिच्या पाठीवरचा छोटा पर आहे की नाही, तेवढं पाहून मला जरूर कळवा.