बायपासच्या भरवशावर शेत घ्यावं का?

तुम्ही विचारलंय, गावाबाहेरून बायपास जाणार म्हणून दलाल शेताचा भाव चढवून सांगतोय, नकाशाही दाखवतोय, तर घ्यावं का? भाऊ, नकाशा बघून तरी घेऊ नका.

आमच्या तालुक्याच्या गावाला माझ्या देखत तीनदा आखणी झाली. पहिली केळीच्या बागांतून गेली, बागायतदार पेटले. दुसरीला रेल्वेवरचा पूल आडवा आला. तिसरीची कुणकुण लागताच त्या पट्ट्यात एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट पडले, मोबदल्याचा आकडा फुगला आणि फाईल बसली. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्यांना आणि पंपवाल्यांना बायपास नकोच होता, ते वेगळंच. पहिल्या मोजणीचा चुना मारलेला दगड अजून आमच्या बांधावर आहे. त्यावर मोटारीच्या स्टार्टरची पेटी बसवलीय.

दलालाला एकच विचारा: थ्री-डी, म्हणजे कलम ३डी ची घोषणा, निघाली का? राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ प्रमाणे आधी कलम ३ए ची अधिसूचना निघते. ती म्हणजे जमीन घेण्याचा नुसता इरादा. मग हरकतींना २१ दिवस. ३डी राजपत्रात आली की जमीन केंद्र सरकारची होते. ३ए नंतर वर्षभरात ३डी आली नाही तर, कोर्टाची स्थगिती नसेल तर, ३ए आपोआप रद्द. म्हणजे दलालाच्या पिशवीतलं दहा वर्षांपूर्वीचं कात्रण ही रद्दीच. बरं, ३डी निघाली असेल तर त्या गटातला तेवढा तुकडा विकायला मालकाकडे राहिलाच कुठे?

आणि बायपास होतो तेव्हाही सावकाश होतो. जुना सहा नंबरचा, आताचा ५३ नंबरचा महामार्ग अजिंठा चौफुली, आकाशवाणी चौकातून वर्षानुवर्षं जळगावच्या पोटातून जात आलाय. पाळधी ते तरसोद बाहेरून रस्त्यासाठी जळगावकरांनी किती वर्षं काढली, तिथल्या कुणालाही विचारा. शिवाय शेत महामार्गाला लागून आलं तरी थेट फाटा काढता येत नाही, परवानगी लागते. हॉटेल टाकायचं स्वप्न तिथेच अडतं.

सातबाऱ्यावरचे इतर हक्क बघा, गट नंबर घेऊन प्रांत कार्यालयात भूसंपादनाकडे चौकशी करा. बायपास वजा करून भाव परवडत असेल तर खुशाल घ्या. फक्त विहिरीला पाणी किती राहतं ते मे महिन्यात जाऊन बघा, दिवाळीत सगळ्यांच्याच विहिरी भरलेल्या असतात.