परसातला थरथरत्या शेपटीचा पाहुणा

प्रश्न : आमच्या परसात पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ दिवाळीपासून चिमणीएवढा एक काळपट पक्षी येतो. त्याचे पोट नारिंगी असून शेपटी सतत थरथरते. हा चिरक असेल का? (एक वाचक, यावल)

उत्तर : वर्णनावरून हा कृष्ण थिरथिरा असावा. चिरक येथे बाराही महिने राहतो. त्याची काळी शेपटी बहुधा उभारलेली असते, नराच्या खांद्यावर पांढरा पट्टा असतो आणि तांबूस रंग केवळ शेपटीच्या बुडाखाली दिसतो. थिरथिऱ्याची शेपटी मात्र मधली गडद पिसे वगळता तांबूस-नारिंगी असते, व बसल्या जागी किंचित झुकून तो तिला जी थरथर देतो, तीच ओळखीची खात्रीची खूण आहे. केवळ रंगावर विसंबू नये, कारण मादी मातकट तपकिरी असते आणि पुष्कळांना ती निराळाच पक्षी वाटते. हिमालय व मध्य आशियाकडून हे पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उतरू लागतात आणि एप्रिलच्या सुमारास, म्हणजे खानदेशातले ऊन असह्य होऊ लागते तेव्हा, परततात. त्याच्यासाठी बाजरी टाकण्यात अर्थ नाही, कारण तो मुख्यतः किडे-मुंग्या टिपतो. पऱ्हाट्यांचा ढीग तेवढा राहू द्यावा.