ॲना पावलोवा कोण होती? तिचा भारताशी काही संबंध होता का?

रशियन बॅलेरिना. जन्म १८८१, सेंट पीटर्सबर्ग. आई लोकांचे कपडे धुवायची. मारीन्स्की थिएटरात ती प्रमुख नर्तिका झाली, पण अजरामर झाली ती मिखाईल फोकीननं तिच्यासाठी बसवलेल्या 'मरणारा हंस' या काही मिनिटांच्या नाचामुळे. पुढे स्वतःचा संच घेऊन तिनं जग पालथं घातलं.

भारताशी संबंध? चांगलाच! १९२३ मध्ये लंडनला तिच्या राधेसमोर रंगमंचावर कृष्ण झाले ते पुढे नामवंत नर्तक झालेले उदयशंकर, आणि गेले होते तिथं चित्रकला शिकायला. भरतनाट्यमला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनाही 'आपल्या मातीतलं नृत्य शोधा' असं तिनंच सुचवलं. मला तर हंसापेक्षा हे मोठं वाटतं.

१९३१ मध्ये हेगला फुफ्फुसाच्या दुखण्यानं गेली. पन्नाशीला जेमतेम तीन आठवडे उरले होते.